नऊशे मीटरचा कडा, दोन फुटांची काच

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात आम्ही काही शिक्षक मित्रांबरोबर हरिश्चंद्रगडावर गेलो होतो. कोकणकड्याच्या धारेवर पालथे झोपून खाली डोकावलो, तेव्हा बराच वेळ कुणी बोलले नाही. एरवी अखंड बोलणारे आमचे एक गणिताचे मास्तरही गप्प होते. मग अर्थातच सर्वांनी फोटो काढले. घरी आल्यावर ते फोटो आम्ही मोठ्या उत्साहाने दाखवू लागलो, तर 'छान आहे' यापलीकडे कुणी काही बोलेना. शेजारच्या आठ वर्षांच्या मुलीने तर 'ही खडीची खाण आहे का?' असे विचारले. कडा तोच, ऊन तेच, कॅमेराही बरा होता. मग वर असताना ज्याने छाती दडपली होती ते फोटोत का उतरले नाही?

हे गाऱ्हाणे कॅमेऱ्याइतकेच जुने आहे. मात्र फार पूर्वी एका माणसाने त्यावर एक आडदांड उपाय केला होता आणि त्या उपायाचे परिणाम फोटोच्या चौकटीबाहेर बरेच दूरवर गेले. तो उपाय समजून घेताना थोडे प्रकाशशास्त्र, थोडे रसायनशास्त्र आणि थोडे मानसशास्त्र लागते. 'भिंगे' हा धडा शिकवणाऱ्या शिक्षकांना त्यातले काही वर्गात वापरता येईल.

सुताराकडून करवून घेतलेला कॅमेरा

कार्लटन वॉटकिन्सचा जन्म १८२९ साली न्यूयॉर्क राज्यात झाला. कॅलिफोर्नियात सोने सापडल्याच्या बातमीने जी झुंड पश्चिमेकडे धावली, तिच्यामागोमाग तोही विशीच्या सुमारास तिकडे गेला आणि पुढे सॅन फ्रान्सिस्कोत छायाचित्रकार झाला. तिथून पूर्वेला सिएरा नेवाडा पर्वतात योसेमिटी नावाची दरी आहे. सुमारे बारा किलोमीटर लांब, जेमतेम दीड किलोमीटर रुंद. तळ सपाट आणि दोन्ही बाजूंना ग्रॅनाइटच्या उभ्या भिंती. हिमनद्यांनी तासून काढलेल्या या भिंतींपैकी 'एल कॅपिटन' हा कडा दरीच्या तळापासून ९०० मीटरांहून थोडा जास्तच उंच आहे. दिल्लीचा कुतुबमिनार ७३ मीटरचा. असे बारा मिनार एकावर एक रचले तरी कड्याचा माथा वरच राहील.

या दरीचे फोटो प्रथम चार्ल्स वीड याने १८५९ मध्ये काढले होते. वॉटकिन्स १८६१ च्या उन्हाळ्यात तिथे गेला. जाण्यापूर्वी त्याने एका सुताराकडून एक अजस्र कॅमेरा करवून घेतला. त्यात १८ इंच गुणिले २२ इंच, म्हणजे साधारण ४६ गुणिले ५६ सें.मी. आकाराची काच बसत असे. आपल्या वर्गातल्या खिडकीच्या तावदानाएवढी ही काच म्हणजे एक निगेटिव्ह! अशा काचांना पुढे 'मॅमथ प्लेट' हे नाव पडले.

तीन मि.मी. जाडी धरली आणि काचेची घनता दर घन सें.मी.ला अडीच ग्रॅम घेतली, तर अशा एका काचेचे वजन जवळजवळ दोन किलो भरते. वॉटकिन्सने त्या फेरीत सुमारे तीस मॅमथ काचा आणि शंभराच्या आसपास छोटी जोडचित्रे केली. म्हणजे तयार झालेल्या मोठ्या काचांचेच ओझे साठ किलो. शिवाय कॅमेरा, तिपाई, अंधारा तंबू, रसायनांच्या बाटल्या. हे सारे खेचरांच्या पाठीवर लादून डोंगरातल्या पायवाटेने न्यायचे आणि काचा न फोडता परत आणायचे.

एवढा खटाटोप कशासाठी? लहान काचेवर फोटो काढून नंतर तो मोठा का केला नाही?

मोठा फोटो हवा तर मोठी काच

याचे उत्तर कागदात आहे. त्या काळचा फोटोचा कागद अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप देऊन, त्यावर चांदीचे क्षार चढवून तयार करीत. हा कागद फार मंद होता. निगेटिव्ह काच त्यावर थेट दाबून चौकटीत बसवायची आणि ती चौकट उन्हात ठेवायची. चित्र हळूहळू आपोआप काळे होत उमटायचे. भिंगातून प्रकाश फाकवून चित्र मोठे करायचे म्हटले, तर प्रकाश इतका पातळ होई की तासन् तास थांबावे लागे. सूर्यप्रकाशावर चालणारी मोठे करण्याची यंत्रे निघाली होती, पण त्यांतून बारकावे पुसट होत. जलद कागद १८८० नंतर सर्रास मिळू लागला, तोवर नियम सरळ होता: जेवढी काच तेवढाच फोटो.

आणि काच तरी कशी? १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चरने प्रसिद्ध केलेल्या 'ओल्या कोलोडिऑन'च्या पद्धतीने ती जागेवरच तयार करावी लागे. नायट्रिक आम्लाची प्रक्रिया केलेला कापूस ईथर आणि अल्कोहोलमध्ये विरघळवला की कोलोडिऑन हा चिकट द्रव मिळतो. त्यात आयोडाइडचे क्षार मिसळायचे. हा द्रव काचेच्या मध्यावर ओतून, काच हातात तोलत, चारी कोपऱ्यांपर्यंत सारखा पसरवायचा. तव्यावर घावनाचे पीठ फिरवावे तसे, फक्त तवा दोन फुटी, आणि एक जरी ओघळ आला तरी काच फुकट. मग अंधाऱ्या तंबूत ती सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची. आता थरात सिल्व्हर आयोडाइड तयार होते आणि काच प्रकाशाला संवेदनशील बनते. ती ओली असेपर्यंतच कॅमेऱ्यात घालून चित्र घ्यायचे, धावत तंबूत आणायची, फेरस सल्फेटने चित्र उमटवायचे, हायपो किंवा चक्क पोटॅशियम सायनाइडने पक्के करायचे आणि ओढ्याच्या पाण्याने धुवायचे. ईथर उडून थर सुकला की सगळे संपले. उन्हाळ्यात हे सारे दहा-पंधरा मिनिटांत उरकावे लागे. ईथरची वाफ आणि सायनाइड यांच्या सोबतीने बंद तंबूत काम करणाऱ्या त्या माणसांचे आम्हांला प्रयोगशाळेत आयुष्य काढूनही भय वाटते.

पण या कटकटीच्या पद्धतीचा एक मोठा गुण होता. तिने मिळणाऱ्या चित्राचा कण अत्यंत बारीक असे. तो गुण आणि काचेचा आकार मिळून काय होते ते आता पाहू.

डोळ्याला मोठे म्हणजे काय?

आपला डोळा वस्तूची उंची मोजत नाही, कोन मोजतो. हात लांब करून अंगठा धरला तर तो डोळ्याशी सुमारे दोन अंशांचा कोन करतो. पौर्णिमेचा चंद्र अर्ध्या अंशाचा. एल कॅपिटनपासून दोन किलोमीटरवर उभे राहिलो, तर ९०० भागिले २०००, म्हणजे ज्याचा टॅन्जंट ०.४५ आहे असा कोन होतो: सुमारे २४ अंश. बारा अंगठे एकावर एक! मान वर करावी लागते ती यामुळे.

आता हाच कडा मोबाइलने टिपू या. मोबाइल आडवा धरला की त्याचे नेहमीचे भिंग साधारण ६५ अंश रुंदीचे दृश्य पकडते. तो फोटो आपण १५ सें.मी. रुंदीच्या पडद्यावर, हातभर अंतरावरून, म्हणजे ३५ सें.मी.वरून पाहतो. पडदा आपल्या डोळ्याशी फक्त २४ अंशांचा कोन करतो. अख्खे ६५ अंशांचे जग त्या २४ अंशांत कोंबले गेले. गणित केले तर कडा २४ अंशांवरून नऊ अंशांच्याही खाली येतो. प्रत्यक्ष दृश्याएवढाच कोन हवा असेल, तर पडदा डोळ्यापासून १२ सें.मी.वर धरायला हवा. पण सुस्पष्ट दृष्टीचे लघुतम अंतर २५ सें.मी. असते, हे आपणच मुलांना शिकवतो. तेव्हा तो मार्ग बंद. आमच्या कोकणकड्याची खाण झाली ती अशी.

वॉटकिन्सच्या फोटोत काय होते? दूरच्या वस्तूची प्रतिमा भिंगापासून नाभीय अंतरावर पडते. फोटो काचेच्या आकाराचाच असल्याने तो नाभीय अंतराएवढ्याच अंतरावरून पाहिला की प्रत्येक वस्तू डोळ्याशी मूळचाच कोन करते. समजा, मॅमथ काचेसाठी ६० सें.मी. नाभीय अंतराचे भिंग वापरले. ५६ सें.मी. रुंदीच्या काचेवर मग सुमारे ५० अंशांचे दृश्य येते. आणि भिंतीवर टांगलेला दोन फुटी फोटो माणूस सहज किती अंतरावरून पाहतो? दोन फुटांवरून, म्हणजे ६० सें.मी.वरूनच! प्रेक्षकाला कुणी काही न सांगता तो बरोबर जागी उभा राहतो आणि कडा पुन्हा चोवीस अंशांचा होतो.

दुसरी गोष्ट बारकाव्यांची. त्याच भिंगाने दोन किलोमीटरवरचा ९०० मीटरचा कडा काचेवर २७ सें.मी. उंच येईल. कड्याच्या पायथ्याचे ५० मीटर उंच पाइनचे झाड दीड सें.मी.चे आणि झाडाखालचा माणूस अर्ध्या मि.मी.चा. अर्धा मि.मी. म्हणजे ठिपकाच, पण ६० सें.मी.वरून धडधाकट डोळ्याला तो दिसतो. हाच फोटो पाचपट लहान करा. कडा पाच सें.मी. राहील, झाड तीन मि.मी.चे गवताचे पाते होईल आणि माणूस नाहीसा होईल. मोठ्या फोटोत आपली नजर माणसावरून झाडावर, झाडावरून कड्यावर चढत जाते. जणू मोजपट्ट्यांची साखळीच. लहान फोटोत साखळीच्या खालच्या कड्या तुटतात आणि कड्याला मोजायला काही उरत नाही.

आमच्या मते वॉटकिन्सच्या चित्रांचे बळ मुख्यतः या साखळीत आहे. केवळ आकारात नाही. सिनेमाचे पोस्टर याहून कितीतरी मोठे असते, पण ते पाहून कुणाचा श्वास अडकत नाही.

ढेकूळ की डोंगर?

ही साखळी किती महत्त्वाची आहे याचा पडताळा वर्गात घेता येतो. खडबडीत फुटलेल्या एका दगडाचा अगदी जवळून फोटो काढा. आजूबाजूला गवत, पाने, काहीही येऊ देऊ नका. मुलांना विचारा, हे केवढे असेल? आम्ही एका शिबिरात हा प्रयोग केला तेव्हा उत्तरे 'मुठीएवढे'पासून 'रायगडाचा टकमक'पर्यंत आली. मग शेजारी काडेपेटी ठेवून काढलेला दुसरा फोटो दाखवला आणि एकच हशा पिकला. खडकाच्या भेगा लहान प्रमाणावर जशा दिसतात तशाच मोठ्या प्रमाणावर दिसतात. म्हणून भूशास्त्रज्ञ खडकाचा फोटो काढताना त्यावर हातोडा किंवा नाणे ठेवल्याशिवाय राहत नाहीत.

जुन्या छायाचित्रकारांना हे अनुभवाने कळले होते. १८६१ च्याच फेरीत वॉटकिन्सने 'ग्रिझली जायंट' या राक्षसी सिक्वोया वृक्षाचा फोटो घेतला. हे झाड सुमारे ६४ मीटर उंच आहे आणि आजही उभे आहे. त्याच्या बुंध्याशी गेलन क्लार्क हा, पुढे त्या राईचा रखवालदार झालेला, दाढीवाला माणूस उभा आहे. पहिल्या नजरेत तो दिसतच नाही. दिसतो तेव्हा झाड एकदम वाढते. फोटोत काहीच बदललेले नसते. बदलतो तो आपल्या डोक्यातला हिशेब, आणि पोटात जो खड्डा पडतो तो त्या क्षणी.

टिमथी ओसलिव्हन या सरकारी सर्वेक्षणाबरोबर हिंडणाऱ्या छायाचित्रकाराने १८७३ मध्ये दोन फार बोलके फोटो काढले. एक आहे आज ॲरिझोना राज्यात असलेल्या कॅन्यन द शे या घळीतला. जवळजवळ सगळी चौकट रेघारेघांच्या एका प्रचंड कातळाने भरली आहे. खाली कपारीत प्राचीन वस्तीचे पडके अवशेष आणि त्यांत मुंग्यांएवढी माणसे. दुसरा आहे न्यू मेक्सिकोतल्या एका खडकावरील जुन्या स्पॅनिश कोरीव लेखाचा. त्यात त्याने लेखाखाली चक्क मोजपट्टी धरली आहे. दोन्हींत मापच दिले आहे. पण पट्टीकडे पाहून आपण आकडा वाचतो. माणसाकडे पाहून आपण त्याच्या जागी जाऊन उभे राहतो. विज्ञानाच्या कामाला पट्टी बरी, यात वाद नाही. अंगावर काटा मात्र माणसामुळे येतो.

आपल्याकडचे उदाहरण सॅम्युएल बोर्नचे. हा इंग्रज १८६३ मध्ये भारतात आला आणि १८६३ ते १८६६ या काळात त्याने हिमालयात तीन मोठ्या फेऱ्या केल्या. १८६६ साली त्याने मणिरंग खिंडीत, सुमारे १८,६०० फुटांवर, ओल्या काचांवर चित्रे घेतली. त्या उंचीवर रसायने आणि बोटे दोन्ही गोठतात. बोर्नचे फोटो आजही थक्क करतात, पण स्वतः तो समाधानी नव्हता. हिमालयाची विशालता कॅमेऱ्यात मावत नाही अशी तक्रार त्याने आपल्या प्रवासलेखांत केली आहे. आमचा तर्क असा, की याला काचेचा आकार जितका कारण तितकीच वृक्षरेषा. झाडे संपतात त्या उंचीच्या वर फक्त खडक आणि बर्फ उरते. साखळीतली मधली कडीच गळून पडते आणि सहा हजार मीटरचे शिखर वाळूच्या ढिगासारखे दिसू लागते.

बोर्नचे सामान वाहायला पहाडी हमालांचा तांडा असे. थंडीत ते पळून गेले की तो त्यांना शोधून मारहाण करी, हे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. त्यांच्यापैकी कुणाचे नाव फोटोखाली नाही.

रसायनाने आपणहून केलेली मदत

ओल्या काचेला सगळे रंग सारखे दिसत नसत. निळा आणि जांभळा प्रकाश तिच्यावर भराभर परिणाम करी, तांबडा जवळजवळ नाहीच. हा दोष होता. निळे आकाश निगेटिव्हवर इतके गडद उमटे की फोटोत ते कोरे पांढरे येई. ढग सापडतच नसत. काही छायाचित्रकार वेगळ्या निगेटिव्हवरून ढग आणून चिकटवीत. त्याच योसेमिटीत काम करणाऱ्या एडवर्ड मायब्रिजने हे पुष्कळ केले.

पण या दोषाचा एक फायदा झाला. हवेचे रेणू प्रकाश विखुरतात तेव्हा विखुरण्याचे प्रमाण तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त असते. ४५० नॅनोमीटरचा निळा प्रकाश ६५० नॅनोमीटरच्या तांबड्यापेक्षा चौपटीहून जास्त विखुरतो. दूरचे डोंगर निळसर दिसतात ते याचमुळे. जी काच फक्त निळेच पाहते तिला ही धूसरता आपल्या डोळ्यांपेक्षा कितीतरी जास्त दिसते. परिणामी वॉटकिन्सच्या फोटोत जवळचे झाड काळेभोर, मधला कडा करडा आणि मागची शिखरे फिकट, असे पडद्यामागे पडदे उभे राहतात. जितके फिकट तितके दूर, हा आपल्या मेंदूचा जुना हिशेब. आणि तेवढाच कोन करणारी वस्तू जास्त दूर आहे असे वाटले, की मेंदू तिला जास्त मोठी ठरवतो.

मंदपणाचाही असाच उपयोग झाला. चित्र उमटायला कित्येक सेकंद, कधी कित्येक मिनिटे लागत. तेवढ्यात धबधब्याचे तुषार एकमेकांत मिसळून दुधाची धार होई आणि तळ्याच्या पृष्ठभागावरचे तरंग एकमेकांत जिरून पाणी काचेसारखे दिसे. हलणारे सगळे पुसले जाई, न हलणारे उरे. या चित्रांत जी शांतता वाटते, तिच्यात सिल्व्हर आयोडाइडचा वाटा मोठा आहे.

त्या काळी घरोघरी पोचली ती मात्र मोठी चित्रे नव्हेत, तर स्टिरिओस्कोपमधून पाहायची छोटी जोडचित्रे. डॉक्टर आणि लेखक ऑलिव्हर वेन्डेल होम्स यांनी हातात धरायचा स्वस्त स्टिरिओस्कोप बनवला होता, आणि वॉटकिन्सच्या चित्रांची त्यांनी १८६३ मध्ये छापून स्तुतीही केली. त्यातल्या भिंगांमुळे लहान चित्रही जवळून पाहता येते, म्हणजे कोन परत मिळतो. शिवाय दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रे दिसून खोली भासते. इथे एक गंमत आहे. आपल्या डोळ्यांत साडेसहा सें.मी.चे अंतर असते. एक किलोमीटरवरच्या कड्याच्या बाबतीत या अंतराने पडणारा फरक अंशाच्या दोन-तीनशेव्या भागाएवढा, म्हणजे नगण्य. म्हणून काही जण दूरच्या डोंगरांची खोली दिसावी यासाठी दोन चित्रे बऱ्याच लांबच्या दोन जागांवरून घेत. खोली दिसे, पण डोंगर मातीच्या खेळण्यातल्या डोंगरासारखे वाटत! मेंदू म्हणतो, दोन डोळ्यांना एवढा फरक दिसतोय त्या अर्थी वस्तू जवळ आहे. आणि जवळ असून एवढीच दिसते त्या अर्थी ती लहान आहे.

कायदा आणि कोरी चौकट

१८६२ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कमधल्या गूपिल चित्रदालनात वॉटकिन्सचे मोठे फोटो मांडले गेले. तेव्हा अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेले होते. पूर्वेकडच्या बहुतेक लोकांनी हे कडे केवळ ऐकले होते. चित्रांच्या प्रती शास्त्रज्ञ, लेखक आणि राजकारणी यांच्याकडे पोचल्या. १८६४ मध्ये कॅलिफोर्नियाचे सिनेटर जॉन कॉनेस यांनी योसेमिटी दरी आणि मॅरिपोसाची सिक्वोया राई सार्वजनिक उपयोगासाठी कायमची राखून ठेवणारे विधेयक आणले आणि ३० जून १८६४ रोजी अब्राहम लिंकन यांनी त्यावर सही केली. फोटो पाहून लिंकन विरघळले, असे रंगवून सांगितले जाते. तसा कागदोपत्री पुरावा नाही. दरी राखावी असे वाटणाऱ्या लोकांच्या हाती हे फोटो होते, एवढे म्हणता येते, आणि आम्हांला तेवढे पुरेसे वाटते. पुढे १८७१ मध्ये विल्यम हेन्री जॅक्सनने यलोस्टोनचे फोटो काढले. ते अमेरिकी संसदेच्या सभासदांना दाखवण्यात आले आणि १८७२ मध्ये पहिले राष्ट्रीय उद्यान झाले.

एवढाल्या कड्यांचे फोटो पाहून माणूस जमीन राखायला का तयार होतो? १७५७ मध्ये एडमंड बर्कने लिहिले होते की प्रचंड आकारामुळे एक प्रकारचे भय वाटते, पण आपण सुरक्षित असलो तर त्या भयाचेच आनंदात रूपांतर होते. अलीकडे मानसशास्त्रज्ञांनी याची मोजमापे घ्यायला सुरुवात केली आहे. डॅखर केल्टनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात योसेमिटीत आलेल्या पर्यटकांना कागदावर स्वतःचे चित्र काढायला सांगितले. सॅन फ्रान्सिस्कोच्या गजबजलेल्या धक्क्यावर आलेल्या पर्यटकांनी स्वतःला जेवढे काढले, त्याहून योसेमिटीतल्या लोकांनी स्वतःला लहान काढले. हा प्रयोग प्रत्यक्ष दरीतला आहे, फोटोंवरचा नाही, हे ध्यानात ठेवायला हवे. तरी ग्रिझली जायंटच्या बुंध्याशी क्लार्क सापडल्यावर आपले जे होते त्याच्याशी तो जुळतो.

वॉटकिन्सला १८६७ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात पदक मिळाले. व्यवहारात मात्र तो कच्चा होता. १८७० नंतरच्या मंदीत त्याच्या निगेटिव्ह सावकारांच्या ताब्यात गेल्या. त्याने पुन्हा दरीत जाऊन नव्या काढल्या. १९०६ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या भूकंपात आणि आगीत त्याचा उरलेला संग्रह जळाला. तोवर तो जवळजवळ आंधळा झाला होता. १९१६ मध्ये एका सरकारी मनोरुग्णालयात तो वारला.

या फोटोंत कडे आहेत, झाडे आहेत, पाणी आहे. दरीत राहणारी माणसे मात्र बहुतेक नाहीत. तिथे अवानीची लोकांची वस्ती होती. १८५१ मध्ये, वॉटकिन्स येण्याच्या दहाच वर्षे आधी, गोऱ्यांच्या सशस्त्र तुकडीने दरीत शिरून त्यांची घरे आणि ओकच्या फळांचे साठे जाळले आणि त्यांना हुसकावले. काही कुटुंबे परतली आणि विसाव्या शतकातही तिथे राहिली. पूर्वेकडे जे फोटो गेले त्यांतून मात्र दरी कुणाचीच नव्हती असे दिसले, आणि जी कुणाचीच नाही ती राखून ठेवायला कुणाला विचारावे लागत नाही. माप दाखवायला चौकटीत एक माणूस हवा होता, तो बुंध्याशी उभा केला. बाकीचे चौकटीबाहेर राहिले.

तरीही त्यांच्या खुणा फोटोत आहेत. दरीच्या तळाची मोकळी कुरणे आणि विरळ ओकची झाडे पाहा. ही मोकळीक निसर्गतः आलेली नव्हती. अवानीची लोक ओक वाढावेत, झुडपे माजू नयेत म्हणून ठरावीक काळाने रान जाळत. त्यांचे जाळणे थांबले, सरकारनेही वणवे विझवायचे धोरण धरले आणि कुरणांत पाइन, देवदार जातीची झाडे दाट उगवली. आता अभ्यासक जुने फोटो हातात घेऊन, त्याच जागी तिपाई लावून, दीडशे वर्षांतला फरक मोजतात. मॅमथ काचेवरचे झाड न् झाड ओळखता येत असल्यामुळे ते शक्य होते. काही जागी मात्र तिपाई लावून काहीच मोजता येत नाही, कारण समोर झाडांची भिंत उभी असते आणि कडा दिसतच नाही. २०११ मध्ये योसेमिटी उद्यानाने एक आराखडा मंजूर केला: जुनी दृश्ये पुन्हा दिसावीत म्हणून ठरावीक जागांवरची झाडे तोडण्याचा.